बॉम्ब फुटला, बातमीपत्र चालू राहिले

मंगळवार, १५ ऑक्टोबर १९४०. रात्रीचे नऊ वाजून दोन मिनिटे झाली होती. लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमधील तळघरातून बीबीसीचे वृत्तनिवेदक ब्रूस बेलफ्रेज नऊचे बातमीपत्र वाचत होते. एवढ्यात इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बॉम्बचा स्फोट झाला. घराघरांतील श्रोत्यांना केवळ एक दबका आवाज ऐकू आला. बेलफ्रेज क्षणभर थांबले. जवळच्या कुणीतरी सारे ठीक असल्याचे हळूच सांगितले आणि पुढच्याच क्षणी वाचन पूर्ववत सुरू झाले. त्या स्फोटात बीबीसीचे सात कर्मचारी मृत्युमुखी पडले. बातमीपत्रात मात्र त्याचा उल्लेखही झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नभोवाणीला कोणते स्थान प्राप्त झाले होते, हे समजून घेण्यासाठी हा एक दिवस पुरेसा आहे.

युद्धाने बदललेली नभोवाणी

युद्धाचे सावट गडद होताच, १ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने आपली दूरचित्रवाणी सेवा बंद केली. ती पुन्हा सुरू होण्यास जून १९४६ उजाडले. त्याच दिवशी राष्ट्रीय आणि प्रादेशिक असे दोन स्वतंत्र कार्यक्रम गुंडाळून 'होम सर्व्हिस' ही एकच सेवा सुरू करण्यात आली. यामागे लष्करी कारण होते. प्रत्येक प्रक्षेपण केंद्राची तरंगलांबी वेगळी असेल, तर शत्रूच्या वैमानिकाला त्या लहरींचा माग काढत आपले स्थान निश्चित करता येते. म्हणून अनेक केंद्रांवरून एकाच तरंगलांबीवर एकच कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. विमाने जवळ आली की हवाई दलाच्या आदेशाने त्या भागातील केंद्र बंद केले जाई. दूरच्या केंद्रावरून येणारा आवाज मग क्षीण होई. पण तो थांबत नसे. शत्रूला उपयोग होऊ नये, म्हणून हवामानाचा अंदाज सांगणेही बंद झाले होते. जानेवारी १९४० पासून सैनिकांसाठी 'फोर्सेस प्रोग्रॅम' ही दुसरी, हलकीफुलकी सेवा जोडली गेली.

त्या काळी ब्रिटनमध्ये सुमारे ९० लाख रेडिओ परवाने होते. साहजिकच युद्धाची वार्ता, सरकारी सूचना आणि विरंगुळा यांसाठी बहुसंख्य कुटुंबे रेडिओवर विसंबून होती.

सकाळ ते संध्याकाळ

सकाळी सात आणि आठच्या बातम्यांनी दिवस सुरू होई. आठच्या बातम्यांनंतर 'द किचन फ्रंट' हा छोटा कार्यक्रम लागे. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर शिधावाटप लागू झाले होते; जुलैमध्ये चहाचीही त्यात भर पडली. मिळेल त्या जिनसांत कुटुंबाला पोटभर कसे जेवू घालावे, याचे मार्गदर्शन अन्न मंत्रालयाच्या सहकार्याने या कार्यक्रमातून होत असे.

जून १९४० पासून दारूगोळ्याच्या आणि अन्य कारखान्यांतील कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा संगीताचा कार्यक्रम दिवसातून दोनदा लागे. एकसुरी कामाचा शीण कमी व्हावा, हा त्यामागील हेतू. संध्याकाळ मुलांची असे. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतील लक्षावधी मुले आईवडिलांपासून दूर, खेड्यांत हलवण्यात आली होती. या घटनेच्या दोनच दिवस आधी, १३ ऑक्टोबर रोजी, १४ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी मुलांच्या कार्यक्रमातून अशा मुलांना उद्देशून आपले पहिले नभोवाणी भाषण केले होते.

नऊचे बातमीपत्र

दिवसातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणजे रात्री नऊचे बातमीपत्र. पूर्वी बीबीसीचे निवेदक निनावी असत. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमणाची भीती निर्माण झाली. शत्रूने एखादे केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर त्या ओळखता याव्यात, यासाठी निवेदकांनी बातम्यांपूर्वी स्वतःचे नाव सांगण्याची प्रथा सुरू झाली. 'बातम्या देत आहे' हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना नावाची ही ओळख स्वाभाविक वाटेल; ब्रिटनमध्ये मात्र ती सुरक्षेची उपाययोजना होती.

लंडनवर ७ सप्टेंबरपासून रोज रात्री बॉम्ब पडत होते. १५ ऑक्टोबर ही त्या सलग हल्ल्यांची ३९ वी रात्र होती. आठ वाजून गेल्यावर एक बॉम्ब खिडकी भेदून ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये शिरला आणि पाचव्या मजल्यावरील संगीत ग्रंथालयात येऊन पडला. पण तो लगेच फुटला नाही. ठरावीक वेळेनंतर स्फोट व्हावा, अशी त्याची रचना होती. इमारत पूर्ण रिकामी होण्यापूर्वीच त्याचा स्फोट झाला. या इमारतीची रचना करताना ध्वनिकक्ष जाड विटांच्या मध्यवर्ती भागात घेऊन सभोवती कार्यालये ठेवण्यात आली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये, म्हणून केलेली ही योजना. त्या रात्री तळघरापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने धूळ. कागदावरील धूळ फुंकून बेलफ्रेज यांनी बातमीपत्र पूर्ण केले.

८ डिसेंबरच्या रात्री हवाई छत्रीने सोडलेला सुरुंग इमारतीबाहेरच फुटला आणि मोठी आग लागली. तरीही प्रसारण चालूच राहिले.

विश्वासाची कसोटी

आवाज अखंड असणे वेगळे आणि बातमी खरी असणे वेगळे. बातम्यांना सेन्सॉरची कात्री होतीच. बॉम्ब नेमके कोठे पडले, हे बहुधा सांगितले जात नसे. १५ सप्टेंबर १९४० च्या हवाई युद्धात १८५ जर्मन विमाने पाडल्याचा सरकारी दावा प्रसारित झाला. युद्धानंतर उपलब्ध झालेल्या जर्मन नोंदींनुसार ही संख्या सुमारे ६० होती. मात्र बीबीसीने डंकर्कची माघार, फ्रान्सचा पाडाव अशा मोठ्या अपयशांच्या बातम्या दडवल्या नाहीत. हॅम्बुर्गहून इंग्रजीत अपप्रचार करणाऱ्या विल्यम जॉइसचे बोलणे अनेक ब्रिटिश कुतूहलाने ऐकत. विश्वास मात्र बहुसंख्यांचा नऊच्या बातमीपत्रावर होता.

भारताशी असलेला धागा

या विश्वासाला भारतातून पाहिले तर दुसरी बाजू दिसते. भारतीय नेत्यांना न विचारता व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी देशाला युद्धात ओढले होते. बेलफ्रेज यांच्या त्या बातमीपत्रानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, विनोबा भावे यांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. युद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य, हीच त्याची मागणी होती. चार दिवसांत विनोबांना अटक झाली. लंडनमध्ये आवाज थांबू नये म्हणून प्राण पणाला लावले जात असताना, त्याच साम्राज्यात एका आवाजाला तुरुंग मिळाला.

बीबीसीची हिंदुस्थानी सेवा मे १९४० मध्ये सुरू झाली होती. १९४२ मध्ये लंडनहून मराठी प्रसारणही सुरू झाले. त्या वर्षांत वेणू चितळे या मराठी लेखिका बीबीसीच्या भारतविषयक विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या.

१५ ऑक्टोबरच्या त्या बातमीपत्राचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. त्यात स्फोटाचा आवाज ऐकू येतो, क्षणभराची शांतता ऐकू येते आणि पुन्हा सुरू झालेले वाचनही. त्या क्षणी वरच्या मजल्यावर काय घडले होते, हे मात्र ऐकणाऱ्याला इतिहासातूनच जाणून घ्यावे लागते.