डायनामोचं ओझं आणि नांदेड-लातूरचा एसी

मंडळी, या शनिवारचा विषय घरातूनच आला. आमचे अण्णा (माझे थोरले चुलते) नांदेडला असतात. काकूंना दर महिन्याला लातूरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साधारण १४० किलोमीटरचा रस्ता. चुलतभावाने विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हापासून अण्णा या प्रवासात एसी लावू देत नाहीत. मे महिन्यात! बाहेर ४२-४३ अंश, काचा खाली, गरम वारा तोंडावर, आणि मागे काकू ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेल्या. परतीला अंधार पडायला लागला तरी दिवे लावायला उशीर. फोनवर विचारलं तर म्हणाले, "अरे, एसी लावला की चार्जिंग भसाभसा उतरतं म्हणतेत. मधीच गाडी बसली तर तुझ्या काकूला घेऊन कुठं उभा राहू?"

प्रश्न रास्त आहे. काळजीही खरी आहे. पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, आणि ते शोधताना मी जवळजवळ सव्वाशे वर्षं मागे गेलो. तर बसा निवांत.

सुरुवात सायकलपासून करू. ज्यांनी गावाकडे रात्री सायकल चालवली आहे त्यांना टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो आठवत असेल. खटका दाबून तो टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. दिवा जेमतेम ३ वॅटचा, पण घासण्यात आणि डायनामोच्या आत इतकं वाया जायचं की पायांना त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावं लागायचं. आजचा सगळा विषय त्या जड झालेल्या पायडलमध्ये आहे. वाहनातली कुठलीही जादा सोय कोणीतरी ओढत असतं. ओढणाऱ्याला ते जाणवतं की नाही, एवढाच फरक.

आपल्याकडच्या रेल्वेच्या डब्यांतही वर्षानुवर्षं हेच चाललं. डब्याखाली आसाला पट्ट्याने जोडलेलं जनित्र, सोबत बॅटऱ्या. गाडी धावली की वीज तयार, थांबली की दिवे-पंखे बॅटरीवर. लांबच्या गाडीत कुठल्यातरी स्टेशनाबाहेर तासभर अडकून पडल्यावर दिवे पिवळे होत गेलेले आणि पंखे मरगळलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी ही व्यवस्था डोळ्यांनी पाहिली आहे. इंजिन ड्रायव्हरला पत्ताही नसायचा, पण प्रत्येक डब्याचे पंखे शेवटी त्याचंच इंजिन ओढत असायचं. पुढे काही गाड्यांना वेगळी जनरेटर गाडी जोडली जायची, तिच्यात डिझेल जाळून एसीची वीज करायची. आता विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर इंजिन वरच्या तारेतूनच डब्यांसाठीही वीज घेतं. रेल्वेचं बरं आहे, तिच्या डोक्यावर तार आहे. मोटारीला मात्र आपली शिदोरी घरूनच बांधून न्यावी लागते.

आता मोटारी. पहिल्या मोटारींना तेलाचे नाहीतर कार्बाइडचे दिवे असत. विजेचे दिवे आधी कुणी लावले असतील? अर्थातच विजेवर चालणाऱ्या मोटारीने. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कोलंबिया इलेक्ट्रिक मोटारीवर १८९८ साली विजेचे पुढचे दिवे जादा पैसे देऊन मिळत. त्या काळी विजेच्या मोटारी तिथे चांगल्या चालत होत्या, कारण पेट्रोलची गाडी सुरू करायला हँडल मारावं लागे, आणि ते हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं.

मग १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला सेल्फ-स्टार्टर आला. बॅटरी, ती भरणारा डायनामो, दिवे आणि इंजिन फिरवणारी मोटर, सगळं एका व्यवस्थेत. गंमत पाहा, पेट्रोलच्या गाडीत एक छोटी बॅटरी आणि छोटी विजेची मोटर बसवली आणि त्यांनीच मोठ्या बॅटरीच्या गाडीचा बाजार उठवला. हँडल मारायची भीती गेली, मग विजेच्या गाडीचं कौतुक कशाला? पेट्रोल स्वस्त होतं, फोर्डची गाडी त्याहून स्वस्त झाली, आणि विजेच्या गाड्या वीस-पंचवीस वर्षांत रस्त्यावरून जवळपास दिसेनाशा झाल्या. पेट्रोलच्या गाडीतली बॅटरी आधी बहुतेक ६ व्होल्टची असे, १९५० च्या दशकात १२ व्होल्टची झाली. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला (अमेरिकेत १९६० च्या सुमारास, आपल्याकडे बऱ्याच उशिरा). जुन्या अॅम्बेसेडरचे दिवे गाडी उभी असताना मंद का व्हायचे, याचं उत्तर डायनामोत आहे. इंजिन हळू फिरत असताना तो फारसं काही द्यायचाच नाही.

या सगळ्या काळात गाडीतल्या सोयींचा हिशोब कुणीच केला नाही. करायची गरजच नव्हती. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ४० लिटरची टाकी म्हणजे ३५० युनिटच्या वर. त्यातली पाऊण ऊर्जा इंजिन उष्णता म्हणून उधळून देतं, म्हणून थंडीत हीटर फुकट मिळतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर. पेट्रोल जास्त जळायचंच, पण एवढ्या मोठ्या लग्नात दोन पाहुणे जास्त जेवले तर कोण मोजतंय!

विजेच्या गाडीत पंगत छोटी आहे. २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, तिची बॅटरी ३०.२ युनिटची. म्हणजे पेट्रोलच्या भाषेत साडेतीन लिटरही नाही. विजेची मोटर यातलं फारसं काही वाया घालवत नाही, म्हणून एवढ्यात गाडी दोनशे किलोमीटर जाते. पण वाया जात नाही म्हणूनच प्रत्येक पाहुणा मोजावा लागतो.

आता या गाडीत दिवे, वायपर, हॉर्न, गाणी कशावर चालतात? बहुतेकांना वाटतं, खालच्या मोठ्या बॅटरीवर. तसं थेट नाही. मोठी बॅटरी तीनशे-चारशे व्होल्टची. तिच्यावर हॉर्न जोडला तर हॉर्नही जाईल आणि मेकॅनिकही. म्हणून मधे एक डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो हा दाब १४ व्होल्टच्या आसपास उतरवतो आणि पेट्रोलच्या गाडीत असते तशीच एक १२ व्होल्टची बॅटरी भरत राहतो. दिवे, काचा, वायपर आणि गाडीतले सगळे छोटे संगणक त्या बॅटरीवर. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. नवं घर बांधलं पण आजोबांची खुंटी तशीच ठेवली. कारणही तेच: जगभर बल्ब, मोटरी, रिले १२ व्होल्टचे बनतात, स्वस्तात मिळतात.

दुसरं एक कारण आहे, ते मला जास्त आवडतं. गाडी बंद असताना मोठी बॅटरी सुरक्षेसाठी बाकी गाडीपासून तोडलेली असते. जोडणारे खटके ओढायला आधी १२ व्होल्ट हवेत. त्यामुळे ओळखीच्या एकांची गाडी एका सकाळी उघडेचना. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आणि छोटी मेलेली. बळद धान्याने भरलेलं आणि कोठीची किल्ली विहिरीत!

एसी मात्र या १२ व्होल्टच्या संसारात बसत नाही. त्याची भूक मोठी. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते आणि ती थेट मोठ्या बॅटरीवर चालते. टोयोटाने २००३ सालच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असा विजेचा कॉम्प्रेसर दिला, पुढे सगळ्यांनी हीच वाट धरली. इलेक्ट्रिक बसमध्ये तर आणखी पाहुणे: ब्रेक आणि दारांसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप. जे काही डिझेल इंजिनच्या जिवावर फिरायचं त्या प्रत्येकाला आता वेगळी मोटर द्यावी लागते. एसटीने १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' सोडली (१९४८ साली याच तारखेला याच मार्गावर पहिली एसटी धावली होती). त्या बसमध्ये हे सगळं आलंच.

आता अण्णांचा हिशोब. आकडे माझे अंदाजाचे आहेत, पण फार चुकीचे निघणार नाहीत. ताशी ८० च्या आसपास अशी गाडी किलोमीटरला साधारण १३० वॅट-तास खाते. १४० किलोमीटरचे झाले १८ युनिट. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंच. दीड-पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर चढवायला १ युनिटच्या थोडं वर. (परत येताना यातलं बरंचसं मिळतं.) उन्हात तापलेली गाडी थंड करायला पहिली दहा-पंधरा मिनिटं एसी दोन-अडीच किलोवॅट ओढेल, मग एकच्या आसपास स्थिरावेल. अडीच तासांचे ३ युनिट धरा. पंखा, संगणक, गाणी मिळून अर्धा युनिट. एकूण २३ च्या आत. तीसमधले सहा-सात उरतात. तेही काकूंना घाम न येता.

आणि दिवे? एलईडी असतील तर पुढचे-मागचे मिळून १०० वॅटच्या आतबाहेर. पूर्ण प्रवास दिवे लावून केला तरी पाव युनिट. म्हणजे दोन किलोमीटर! दोन किलोमीटरसाठी अण्णा संध्याकाळच्या वेळी, उसाच्या बिनदिव्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना, अंधारात गाडी हाकतात. मी त्यांना फोनवर हे जरा आवाज चढवूनच सांगितलं. थोरल्या माणसाशी असं बोलू नये, पण काकू गाडीत असतात.

खरा खादाड वेगळाच आहे. वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. याच रस्त्यावर ८० ऐवजी १०० ने गेलं तर ५ युनिटच्या आसपास जास्त लागतात, एसीपेक्षा दीडपट. चुलतभाऊ नव्या चौपदरी रस्त्यावर शंभरने पळवतो आणि अण्णा एसी बंद करतात, असा हा संसार.

पण एसीला क्लीन चिट देऊ नका. तो किलोमीटरवर नाही, तासावर खातो. मोकळ्या रस्त्यावर गाडी स्वतः दहा किलोवॅट ओढत असते, तिथे एसीचा एक म्हणजे दहा टक्के. तीच गाडी वजिराबादच्या किंवा गंजगोलाईच्या गर्दीत ताशी वीसने सरकते तेव्हा चालायला अडीच किलोवॅट पुरतात आणि एसी त्यावर एक-सव्वा मागतो. रेंज तिथे तिसऱ्या हिश्श्याने उतरू शकते. 'भसाभसा उतरतं' म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत, ते शहरातली गोष्ट सांगतात. कागदावरच्या रेंजमध्ये हे दिसत नाही, कारण आपल्याकडची प्रमाणित चाचणी एसी बंद ठेवून होते. पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या ३१२ किलोमीटरचं हेच रहस्य. २०२४ मध्ये टाटांनीच ४५ युनिटच्या गाडीसाठी चाचणीचा आकडा ४८९ सांगताना बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात ३५० ते ३७० मिळतील असंही सांगितलं. असं आधीच सांगायला हवं होतं, असो.

नॉर्वेकरांपुढे मात्र आपण सुखी. तिथे बाहेर उणे दहा आणि आत वीस-बावीस हवं, म्हणजे तीस अंशांची दरी. आपली ४२ वरून २६, सोळाची. शिवाय साधा विजेचा हीटर एका युनिटला एकच युनिट ऊब देतो, एसी मात्र एका युनिटमध्ये दोन-तीन युनिट उष्णता बाहेर नेऊन टाकतो. म्हणून तिकडे हीट पंप आला.

आणि थंडावा फक्त माणसांना लागत नाही. निसानची पहिली लीफ (२०१०) बॅटरीला नुसत्या वाऱ्यावर सोडून द्यायची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या उन्हात त्या गाड्यांच्या बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा फार लवकर खंगल्याच्या तक्रारी आल्या. आपल्या नेक्सॉनमध्ये बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय पहिल्यापासून आहे. म्हणजे अण्णांनी बटण बंद ठेवलं तरी मे महिन्यात गाडी गरजेप्रमाणे कॉम्प्रेसर चालवून बॅटरीला थंड करणारच. गाडी स्वतःला जपते, उकडायचं फक्त काकूंनी!

एक गोष्ट अण्णांना करायला सांगितली आहे. निघायच्या आधी, गाडी घरी प्लगवर असतानाच पंधरा मिनिटं एसी चालू करायचा. पहिला मोठा घास महावितरणच्या मीटरवर, बॅटरीवर नाही. कल्पना नवी नाही. महिंद्रांच्या २०१३ सालच्या ई-टू-ओमध्ये फोनवरून हे करता यायचं. त्याआधीची रेवा तर याहून चतुर होती. बेंगळुरूच्या चेतन मैनींची ही गाडी २००१ मध्ये बाजारात आली. ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, सगळे मिळून ४८ व्होल्ट आणि साडेनऊ युनिट. एवढ्यात एसीचे लाड कसे परवडणार? म्हणून तिच्यात थंड-गरम होणारी सीट मिळायची. अख्खी गाडी थंड करण्यापेक्षा बसणाऱ्याची पाठ थंड करा! मैनींच्या अमेरिकन भागीदार कंपनीचं, अमेरिगॉनचं, ते खास तंत्र होतं.

रेवाची अख्खी गाडी ज्या ४८ व्होल्टवर पळायची, तेवढे व्होल्ट टेस्लाने २०२३ च्या सायबरट्रकमध्ये नुसत्या दिवे-काचा-वायपरसाठी दिले आहेत. दाब चौपट, म्हणजे प्रवाह पाव, तारा बारीक, तांबं कमी. बाकी जवळजवळ सगळ्यांच्या गाड्यांत अजून १२ व्होल्टची खुंटी तशीच आहे.