खोलीचा भाव कोण ठरवतो?

घरांच्या भावावर आपल्या लोकांनी लिहिलेलं फारसं सापडत नाही. नामांतरावर आहे, राखीव जागांवर आहे, अत्याचारांवर आहे, आणि ते असायलाच पाहिजे. पण वरळीत चौरस फुटाला काय भाव चाललाय हा प्रश्न बिल्डरांचा, दलालांचा, फार तर शेअरबाजारवाल्यांचा, असं समजून चळवळीच्या बैठकीत तो कुणी काढत नाही. काढला तर म्हणतात, गड्या, तुला फ्लॅट घ्यायचाय काय?

घ्यायचा असो नसो, हिशेब बघा. २०२५ साली वरळीत समुद्राच्या तोंडावरच्या एका टॉवरमधली घरं मिळून ६३९ कोटींना विकली गेली. चौरस फुटाला पडले साधारण २ लाख ८३ हजार. त्याच वरळीत बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आमच्या नायगावची खोलीही तेवढीच. त्या भावाने गुणाकार केला तर एका खोलीचे साडेचार कोटी होतात. आमच्या खोलीत नऊ माणसं राहत. बाया आत, पुरुष बाहेर गॅलरीत. अर्थात तो टॉवरचा भाव चाळीतल्या खोलीला कुणी देणार नाही. पण जमीन तीच, समुद्राचा वारा तोच. मग एकीकडे साडेचार कोटी आणि दुसरीकडे 'गचाळ वस्ती' हे कसं झालं, ते शंभर-सव्वाशे वर्षं मागं जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. साहेबाला आणि शेठजींना एकदम शोध लागला की गरिबाच्या वस्तीत हवा खेळत नाही. १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. सुधारणा म्हणजे काय, तर दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, आणि रस्त्याकडेच्या जागा चढ्या भावाने भाडेपट्ट्याने द्यायच्या. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं जेवढ्या खोल्या बांधल्या त्याहून जास्त पाडल्या. पाडलेल्या खोल्यांतली माणसं कुठं गेली? शेजारच्या वस्तीत, आणखी दाटीवाटीनं. मजुरांसाठी ज्या बी. आय. टी. चाळी बांधल्या त्यातल्याच परळच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. दुसऱ्या मजल्यावर दोन लहान खोल्या. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस ऐन चळवळीच्या काळात त्या खोल्यांत होता हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. त्याच्या जोडीला १९१७ ची बडोद्याची गोष्ट ठेवा. संस्थानची वरच्या दर्जाची नोकरी, खिशात भाड्याचे पैसे, आणि अख्ख्या शहरात घर देणारा कोणी नाही. पारशाच्या मुसाफिरखान्यातून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. भाव परवडत होता. भावाच्या आधी दुसरंच काहीतरी विचारलं जात होतं.

ट्रस्टनं त्याच काळात दादर-माटुंग्याकडे जमिनी आखून मध्यमवर्गाला भूखंड दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावंच बोलकी आहेत. १९१५ ला गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली. सहकार हा शब्द आपल्याला साखर कारखान्यामुळं माहीत. पण या शहरात घरांचा सहकार पहिल्यापासून जातीच्या हाताला धरून चालला. ज्यांना तेव्हा मालकीची जमीन मिळाली त्यांच्या नातवंडांना पुढं काही न करता भाववाढ मिळाली. बाबासाहेबांनी चाळ सोडून त्याच हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं याचा अर्थ आता जरा नीट लावून बघा. पुस्तकांना जागा पाहिजे होती हे तर खरंच. पण आपला माणूस त्या भागात जमिनीचा मालक झाला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता बी. डी. डी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी, खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. सिमेंट काँक्रिटच्या जाड भिंती, तुरुंगासारख्या. नुसतं म्हणायला नाही, सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळी खरोखरच कैद्यांना कोंडायला वापरल्या. कारण खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. सरकारचा खर्च निघेल असं भाडं मजुराला परवडेना, आणि मजुराला परवडेल असं भाडं सरकारच्या हिशेबात बसेना. शेवटी भाडी उतरवावी लागली, तेव्हा लोक आले. आमचा आजा सातारकडून आला तो असा.

आजा गिरणीत रिंगखात्यात होता. साचेखात्यात, म्हणजे विणाईत, का नाही? तिथं पगार बरा होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा काढला तेव्हा लाल बावटेवाल्यांना अवघडल्यासारखं झालं, हे प्रसिद्ध आहे. मला त्याचा पुढचा धागा ओढायचाय. विणाई बंद म्हणजे पगार कमी. पगार कमी म्हणजे भाड्याची ऐपत कमी. म्हणजे सगळ्यात स्वस्त खोली. तुमची वस्ती कुठं असणार ते तोंडातल्या धाग्यानं ठरवलं. चाळींचंही तेच झालं. अमुक चाळ आपली, तमुक मराठ्यांची, पलीकडची पोलिसांची, असं न लिहिता ठरत गेलं.

लढाईच्या काळात भाडी भडकली म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० चं भाडं तेच कायम. भाडेकरूला संरक्षण मिळालं हे कबूल. पण भाडं गोठलं आणि भाव दुसऱ्या दारानं आत आला. त्याचं नाव पागडी. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून गठ्ठा घेणार, त्यातला वाटा घरमालकाला. कायद्यानं गुन्हा, पण गिरगावपासून परळपर्यंत राजरोस चालू. १९९९ च्या कायद्यानं तर पागडी कायदेशीरच करून टाकली. पागडीला पांढरा कागद लागत नाही, ओळख लागते. कोण कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या आळीचा. गिरगावातल्या वाडीत खोली रिकामी झाली ही बातमी आमच्यापर्यंत पोचायचीच नाही. पोचली तरी आडनाव पोचायच्या आत खोली गेलेली असायची.

ज्यांना ही खोलीही नव्हती त्यांचं काय, ते पालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतीत जाऊन विचारा. तिथं घर नोकरीला बांधलेलं. बाप निवृत्त झाला, मेला, की खोली खाली करा. खोली टिकवायची तर लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसानं बापाच्या जागी लागायचं. बी. ए. झालेली पोरं खोलीसाठी झाडू घेऊन उतरलीत. या घराचा भाव कुठल्याच तक्त्यात छापलेला नाही.

१९७४ ची वरळी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ५ जानेवारीची पँथरची सभा, दगडफेक, पोलीस, आणि १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून आलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. तो इतिहास इथं परत सांगत नाही. एवढंच म्हणतो की त्या दंगलीत कोण कुठल्या चाळीत राहतो हे हल्लेखोराला विचारावं लागलं नाही. नकाशा आधीच पाठ होता.

तोवर शहरात ओनरशिप फ्लॅटचं युग सुरू झालेलं. १९६३ ला त्याचा कायदा झाला. १९७७ ला एच. डी. एफ. सी. निघाली आणि पगाराच्या चिठ्ठीवर घरासाठी कर्ज मिळायला लागलं. राखीव जागांवर बँकेत, एल. आय. सी. त, रेल्वेत, मंत्रालयात लागलेली आपली पहिली पिढी तेव्हाच कुठं चिठ्ठीवाली झाली होती. त्यांनी कर्ज काढलं आणि घेतलं ते कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. दादर-पार्ल्याचा भाव आवाक्याबाहेर हे एक कारण. दुसरं कारण सोसायटी. माझ्या थोरल्या बहिणीला उपनगरात एक फ्लॅट पसंत पडला. इसाराची रक्कम ठरली. मालकानं आडनाव विचारलं, दोन दिवसांनी निरोप आला की पुतण्यालाच द्यायचं ठरलंय. महिन्याभरात तो फ्लॅट तिसऱ्याच माणसाला विकला. तिनं शेवटी अंबरनाथला घेतलं. कर्जाचा हप्ता तेवढाच भरला. वीस वर्षांनी त्या उपनगरातला फ्लॅट कुठं आणि अंबरनाथचा कुठं! या फरकाची केस कुठल्या कोर्टात करायची?

कायदा म्हणतो सभासदत्व खुलं पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, कलम २३. वाचून ठेवा. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा पोटनियम चालेल, संघटना करायचा तो हक्क आहे. पारशी समाज अल्पसंख्य, त्यांची बाजू वेगळी, हे मान्य करूनही मला हा निकाल पचत नाही. कारण त्याचा आधार घ्यायला कोण पुढं येणार हे उघड आहे. २०१२ साली देशातल्या सात मोठ्या शहरांच्या २००१ च्या जनगणनेवरून एक अभ्यास झाला. वस्त्यांची फाळणी श्रीमंती-गरिबीपेक्षा जातीनं जास्त होते असं त्यात निघालं. म्हणजे पैसा आला की सगळं मिटतं असं सांगणाऱ्याला हा आकडा दाखवा.

मग गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरणी बंद, पण गिरणीखालची जमीन जागी झाली. १९९१ च्या नियमात ठरलं की गिरणीची जमीन विकसित केली तर एक तृतीयांश शहराला मोकळी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला नियम असा फिरवला की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. म्हणजे पटांगणाची. शेडखालची सगळी मालकाची. २००६ ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. त्याआधी २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं, म्हणजे सरकारनं, पाच गिरण्यांच्या जमिनी २,००० कोटींच्या वर विकल्या. त्यातली मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकर जागा ७०२ कोटींना गेली. घेणाऱ्यानं २०१२ ला ती पुढं विकली, २,७०० कोटींच्या वर. सात वर्षांत जवळजवळ चौपट. एक वीट न विकता.

त्याच २०१२ साली गिरणीकामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. उरलेल्यांना पुढं शेलू-वांगणीला जा म्हणून सांगितलं. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात त्यासाठी म्हातारी माणसं काठ्या टेकत बसली होती.

भाव वर जातो तसा खालीही ठेवला जातो. देवनारचं डंपिंग १९२७ पासून. नको असलेली वस्ती उचलायची आणि तिकडं टाकायची. १९७६ ला जनता कॉलनी पाडून लोक चीता कॅम्पला टाकले. २०१७ पासून तानसा पाइपलाइनच्या कडेची कुटुंबं माहुलला, रिफायनरीच्या तोंडाशी. माणसं आजारी पडायला लागली. २०१९ ला हायकोर्टानं सांगितलं, तिथं राहायचं नसेल त्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्या. २०२५ ला महापालिकेनं तिथली २२५ चौरस फुटांची रिकामी घरं आपल्याच खालच्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत साडेबारा लाखांत घर, आणि घ्यायला गर्दी नाही. भावानं इथं खरं सांगितलं.

आता आपल्या दारातला प्रश्न. बी. डी. डी. चा पुनर्विकास २०१६ ला ठरला. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर, मालकीचं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. मी खूश आहे, यात आडपडदा नाही. शंभर वर्षांत पहिल्यांदा आपल्यातल्या काहींना त्या भागात मालकी मिळते आहे जिथं भाव वाढतो. पण चाळीसमजली टॉवरची लिफ्ट, पंप, रखवालदार यांचा महिन्याचा खर्च कधीतरी आपल्याच अंगावर येणार. पोरगा कंत्राटी, आई पेन्शनवर. आणि खाली दलाल उभाच आहे: "काका, हे द्या, बदलापूरला दोन घरं घ्या, वर रोख." विकणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, माणूस काय करेल? पण दहा-पंधरा वर्षांनी त्या टॉवरमध्ये आपली किती कुटुंबं उरली हे कुणीतरी मोजलेलं पाहिजे.

मोजायला अवघड नाही. प्रत्येक खरेदीखताची नोंद सूची क्रमांक दोनमध्ये होते, ती कुणालाही बघता येते. दरवर्षीचे रेडी रेकनरचे तक्ते सरकारच छापतं. चाळीत कोण होतं त्याच्या पात्रतेच्या याद्या लागल्यात. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या. नायगावची यादी मी उतरवायला घेतली आहे, तेरा चाळी झाल्या. वरळी आणि डिलाईल रोडच्या पोरांनी आपापली आणावी. शिवडीकडं अजून कुणी गेलेलं नाही.