माकी

दुसऱ्या महायुद्धावरच्या मराठी लेखांत फ्रेंच भूमिगतांना कुणी ‘माक्विस’ लिहितं, कुणी ‘मॅकिस’. फ्रेंच माणूस म्हणतो ‘माकी’. मूळ लॅटिन ‘माकुला’, म्हणजे डाग. इटालियनमध्ये त्याचा ‘माक्किया’ झाला: अर्थ डाग आणि झुडपांचं रानही. उघड्या डोंगरावर असं रान लांबून डागच दिसतं ना! डोळ्यांच्या डॉक्टरांचा मॅक्युला आणि दुधाचा डाग पडलेली माकियातो कॉफी याच कुळातली. फ्रेंचमध्ये शब्द आला कोर्सिका बेटावरून. तिथला फरार गुन्हेगार त्या दाट जाळीत शिरायचा. आपण वाट धरतो, तसा तो ‘माकी धरायचा’.

फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या विशी सरकारने तरुणांना जर्मनीत सक्तीच्या कामाला धाडण्याचा कायदा केला. हजारो पोरं नोटीस चुकवून डोंगरांत पळाली, गावकऱ्यांनी दिलेल्या शिध्यावर जगली, विमानातून पडणाऱ्या ब्रिटिश स्टेन गनांची वाट बघत राहिली. जाळीचं नाव टोळीला चिकटलं. टोळीतला गडी ‘माकीझार’. ग्लिएर आणि व्हेरकोरच्या पठारांवर १९४४ मध्ये त्यांतले शेकडो मारले गेले. ग्लिएरवर तर मार्चातही बर्फ होतं; कोर्सिकाची जाळी औषधालाही नव्हती. शब्दाला त्याचं काय!

आता किचकट कायदेकानूंच्या गुंत्यालाही फ्रेंच लोक माकी म्हणतात. आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये मात्र माकी म्हणजे भाजलेला मासा, कसाव्याचं आत्तियेके आणि थंड बिअर मिळणारी उघड्यावरची स्वस्त खानावळ.