जॉन्सन आणि त्याचे दुखावलेले स्नेही

नव्या ओळखीच्या माणसाने उर्मटपणा केला तर आपण त्याच्या घरची पायरी चढणे सोडतो आणि तेवढ्यावर प्रकरण मिटते. शत्रूने केला तर जशास तसे उत्तर देण्यास आपली जीभ मोकळी असते. परंतु ज्याच्याशी वीस-पंचवीस वर्षांचा घरोबा आहे, ज्याने आपल्या अडीअडचणी पाहिल्या आणि ज्याच्या आपण पाहिल्या, असा जुना स्नेही चारचौघांत आपणांस तोडून बोलू लागला, तर काय करावे? बोलावे तर स्नेह तुटण्याचे भय. न बोलावे तर मनात अढी बसते. बहुधा आपण दुसरा मार्ग पत्करतो. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ असे म्हणून चार वेळा गिळतो आणि पाचव्या वेळेपासून हळूहळू जाणेयेणे कमी करतो. मित्रास आपण का दुरावलो हे अखेरपर्यंत कळत नाही आणि त्याचा दोष मात्र त्याच्यापाशी तसाच राहतो. आमच्या हातून एका बालमित्राच्या बाबतीत असेच घडले. त्याची रुखरुख मनात असल्यामुळेच आज या विषयाकडे इतिहासाच्या बाजूने पाहावे असे वाटले.

असा इतिहास शोधू लागले असता इंग्रजी वाङ्मयातील डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याच्याइतके दुसरे ठळक उदाहरण सापडणे कठीण. मराठी वाचकांस हा गृहस्थ परका नाही. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले व विष्णुशास्त्र्यांनी ते तडीस नेले; पुढे ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्तृत निबंधही लिहिला. विद्वत्ता, बाणेदारपणा व प्रचंड उद्योग या गुणांसाठी आमच्या मागील पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याच्या फटकळपणाच्या गोष्टीही आवडीने सांगितल्या गेल्या. परंतु तो फटकळपणा ज्यांना सोसावा लागला त्या स्नेह्यांनी काय केले, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. आणि आमच्या मते खरा बोध तेथेच आहे.

जॉन्सन १७०९ साली लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्याच्या पोटी जन्मला. लहानपणीच गंडमाळांनी त्याला गाठले. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, कानही मंद झाले. ऑक्सफर्ड येथे तो शिकण्यास गेला, परंतु दारिद्र्यामुळे सुमारे तेरा महिन्यांतच परतला. तेथे असताना त्याचे फाटके जोडे पाहून कोणी दयाळूपणाने नवा जोड त्याच्या दारी ठेवला, तेव्हा त्याने तो संतापाने भिरकावून दिला. पुढे लंडनमध्ये कित्येक वर्षे त्याने पोटासाठी लेखणी झिजविली. १७५५ साली त्याचा कोश प्रसिद्ध झाला तेव्हा कोठे त्याचे नाव झाले, आणि १७६२ साली राजाकडून तीनशे पौंडांचे वार्षिक वेतन मिळाले तेव्हा कोठे पोटाची विवंचना संपली. ज्याला पन्नाशी उलटेपर्यंत जगाशी झुंजावे लागले, त्याच्या अंगी झुंजीची सवय मुरली तर नवल नाही. दैन्य गेले तरी दैन्यात धारण केलेले चिलखत त्याने कधी उतरविले नाही. वादविवाद त्याला कुस्तीसारखा वाटे. समोरचा शत्रू आहे की मित्र, याचे भान कुस्तीत राहत नसे. गोल्डस्मिथ म्हणे की, याचे पिस्तूल चुकले तर तो त्याच्या दस्त्याने माणसास आडवा करतो. मौज अशी की, आपण स्वतः मोठे सभ्य आहोत अशी जॉन्सनची प्रामाणिक समजूत होती!

अर्थात हा मनुष्य केवळ उर्मट असता तर त्याच्यापाशी कोणी टिकलाच नसता. त्याच्या घरात अंध विदुषी अॅना विल्यम्स, गरिबांस औषध देणारा अबोल लेव्हेट, जमेकाहून आलेला नोकर फ्रान्सिस बार्बर अशी माणसे वर्षानुवर्षे आश्रयास होती, आणि ती आपसांत भांडत असताही याने त्यांना बाहेर काढले नाही. रस्त्यावर निजलेल्या पोरांच्या मुठीत तो पैसे ठेवी. आपल्या मांजरासाठी कालवे आणण्याचे काम नोकरास कमीपणाचे वाटेल म्हणून तो स्वतः बाजारात जाई. फणसाचे काटे सर्वांस दिसत. गरे ज्यांनी चाखले ते त्याचे स्नेही झाले. म्हणूनच त्याचा शब्द त्यांना अधिक लागे.

१७७३ सालच्या मे महिन्याची ७ तारीख. डिली नावाच्या पुस्तकप्रकाशक बंधूंकडे भोजनाचा बेत होता. गोल्डस्मिथला काही बोलायचे होते, परंतु जॉन्सनच्या गर्जनेपुढे त्याला संधी मिळेना. तो बिचारा टोपी हाती घेऊन जावे की राहावे अशा स्थितीत बराच वेळ बसला. अखेर दुसऱ्या एका पाहुण्याचे बोलणे चालू असता जॉन्सनने मध्ये शब्द टाकला असे वाटून गोल्डस्मिथने त्याला टोकले. जॉन्सनने सर्वांसमक्ष त्याला आगाऊ ठरविले. गोल्डस्मिथ गप्प बसला. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या क्लबात मंडळी जमली, तेव्हा गोल्डस्मिथ एका बाजूस मान घालून बसलेला होता. जॉन्सनने ते पाहिले, याच्याकडून आपण क्षमा मिळवितो असे जवळच्यांस हळूच सांगितले, आणि मग मोठ्याने हाक मारून, दुपारी घडल्या प्रकाराबद्दल सर्वांच्या देखत त्याची क्षमा मागितली. गोल्डस्मिथही तितकाच मोकळा. तुमच्या हातून फारच मोठे काही घडल्याशिवाय मी राग धरणार नाही, असे त्याने उत्तर दिले. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये गोल्डस्मिथ वारला. ती संध्याकाळ जॉन्सनने वाया दवडली असती तर? येथे दुखावलेल्या मित्राने एक अक्षरही उच्चारले नाही. त्याचा उतरलेला चेहराच बोलला. परंतु तो चेहरा घेऊन तो क्लबात आला, घरी जाऊन दार लावून बसला नाही, हे विसरता कामा नये.

सर जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराची रीत निराळी. तो स्वभावाने शांत. परंतु त्याच्या शांतपणात लाचारी नव्हती. एकदा मद्यपानाच्या गुणदोषांविषयी वाद चालला असता, तुम्ही आता वाद घालण्याच्या पलीकडे गेला आहा, अशा अर्थाचा टोमणा जॉन्सनने मारला. रेनॉल्ड्सने आवाज न चढविता उत्तर दिले की, तुम्ही आता जे बोललात तसे मी बोललो असतो तर माझी ती स्थिती झाली आहे असे मलाही वाटले असते. बॉस्वेल लिहितो की, जॉन्सन लाजला, अंग चोरून बसला, आणि रागावू नका, दुखविण्याचा हेतू नव्हता, असे म्हणाला. एका वाक्यात काम झाले. अपमान त्याच क्षणी, त्याच मापाने परत केला, आणि वर व्याज लावले नाही.

प्रत्यक्ष बॉस्वेलची कथा याहून बोधप्रद आहे. जॉन्सनचे चरित्र लिहून अमर झालेल्या या शिष्यास पुष्कळ जण खुशमस्कऱ्या समजतात. १७७८ सालच्या मे महिन्यात रेनॉल्ड्सच्या घरी जॉन्सनने त्याला परक्या मंडळींसमोर असे काही झिडकारले की, तो आठवडाभर त्याच्याकडे फिरकला नाही. आपण तसेच स्कॉटलंडला निघून गेलो असतो असे तो स्वतः लिहितो. सुदैवाने लँग्टनच्या घरी जेवणास दोघे एकत्र आले. लँग्टन काही कामासाठी खोलीबाहेर गेला तेव्हा जॉन्सनने आपली खुर्ची जवळ ओढली आणि मवाळ स्वरात कुशल विचारले. बॉस्वेलने ती संधी साधली. आपला आदर व प्रेम किती आहे हे त्याने प्रथम सांगितले, आणि मग अशी वागणूक आपणांस मिळावी काय, असे स्पष्ट विचारले. तूच मध्ये बोललास, असे जॉन्सनने थोडे हटून पाहिले. परंतु लगेच, हवी तशी भरपाई करीन, असेही कबूल केले. तेव्हा बॉस्वेल म्हणाला की, केवळ मित्रच जवळ असताना तुम्ही मला कितीही उंच उडवा, कारण तेव्हा मी मऊ जमिनीवर पडतो; परंतु शत्रू जवळ असले म्हणजे मी दगडांवर आपटतो, ते मला सोसत नाही. ही उपमा जॉन्सनला इतकी आवडली की त्याने तिची मनापासून वाहवा केली आणि भांडण तेथेच संपले. आमच्या मते या उपमेत सगळे शास्त्र आले आहे. मित्राने स्वभाव बदलावा अशी मागणी बॉस्वेलने केली नाही. कोठे लागते तेवढे त्याने दाखविले.

याच्या उलट लँग्टनची गोष्ट पाहा. बेनेट लँग्टन हा कुलीन, विद्वान व धर्मशील गृहस्थ; तरुणपणी जॉन्सनचे निबंध वाचून त्याच्या भेटीस आला आणि जन्माचा स्नेही झाला. त्यालाही १७७३ साली जॉन्सनचा तडाखा बसला होता आणि तो काही काळ दूर राहिला होता. पुढे अखेरच्या दुखण्यांच्या दिवसांत जॉन्सननेच त्याला विनविले की, माझ्या आचरणात दोष कोणता ते निर्भीडपणे सांग. लँग्टनने ते काम मनावर घेतले. क्षमा, नम्रता व प्रेम यांविषयी बायबलातील वचने एका कागदावर उतरून त्याने ती जॉन्सनच्या हाती दिली. जॉन्सनने आरंभी आभार मानले. परंतु वाचता वाचता त्याचा पारा चढला आणि यात तुझा रोख काय, असे तो गरजला. पश्चात्तापी मनुष्याने आपल्या गुरूसच झोडपावे हा प्रकार प्रहसनात शोभण्यासारखा आहे, असे रेनॉल्ड्स म्हणाला. पुढे जॉन्सन बॉस्वेलजवळ तक्रार करू लागला की, मी कोणाचे बोलणे खोडले तर त्यात कोणाचे काय बिघडते? हरकत खोडण्याला नसून खोडण्याच्या रीतीला आहे, असे बॉस्वेलने सुचविले. त्याने नाजूक मनाची माणसे दुखावतात, असेही सांगितले. अशी नाजूक माणसे आपणांस ठाऊकच नाहीत, असे उत्तर मिळाले!

लँग्टनचे चुकले कोठे? हेतू शुद्ध होता, परवानगी होती, एकांत होता. परंतु अमुक दिवशी, अमुक जागी तू मला दुखविलेस, असे न सांगता त्याने धर्मवचनांचा मोघम मारा केला. मोघम आरोपास मनुष्य मोघम पश्चात्तापाने तरी उत्तर देतो, नाही तर संतापाने. नेमके बोट ठेवले तरच ते लागते. तथापि त्याने कागद दिला हे व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. मरणशय्येवर असता जॉन्सनने याच लँग्टनला जवळ पाहून, मरताना तुझा हात हाती असावा, अशा अर्थाचा एका लॅटिन कवीचा चरण म्हटला. दोष दाखविणारा मित्र त्याला अखेरीस नकोसा झाला नव्हता.

आता शेवटचा आणि सर्वांत दुःखद प्रसंग. १७६५ सालापासून थ्रेल कुटुंबाने जॉन्सनला घरच्यासारखे सांभाळले होते. स्ट्रेटहॅम येथील त्यांच्या वाड्यात त्याची स्वतंत्र खोली असे. १७८१ साली थ्रेल वारला. त्याच्या विधवेने १७८४ साली पिओझी नावाच्या इटालियन गवयाशी विवाह करण्याचे ठरविले आणि जॉन्सनला पत्राने कळविले. २ जुलै रोजी जॉन्सनने जे उत्तर पाठविले ते वाचवत नाही. मुले, धर्म व देश सोडल्याचा ठपका त्याने तिच्यावर ठेवला. विधवेच्या पुनर्विवाहावरून आमच्याकडे पुढील शतकात जे शब्द उच्चारले गेले त्यांची येथे आठवण व्हावी. थ्रेलबाईंनी ४ जुलै रोजी उत्तर दिले. त्यात शिवी नाही, रडगाणे नाही. माझा होणारा पती कुळाने, विचाराने वा धंद्याने पहिल्यापेक्षा हलका नाही. माझी अब्रू स्वच्छ आहे. वीस वर्षांच्या स्नेहात माझ्याकडून आपणांस एकही कठोर शब्द आला नाही. आणि पिओझीविषयी आपले मत बदलेपर्यंत आपण बोलणे बंद ठेवू, असे सांगून त्यांनी शेवटी आशीर्वचन लिहिले. ८ जुलै रोजी जॉन्सनचे दुसरे पत्र आले. त्यात त्याने त्यांना सुख चिंतिले, आणि आपल्या दुःखी आयुष्याची वीस वर्षे ज्या ममतेने सुसह्य केली तिच्याबद्दल आभार मानले.

पण भेट पुन्हा झाली नाही. नोव्हेंबरात तो फॅनी बर्नीला सांगत होता की, त्यांना आपण मनातून हाकलून दिले आहे आणि त्यांचे पत्र हाती आले की जाळतो. १३ डिसेंबर १७८४ रोजी तो वारला. तेव्हा मित्रास सत्य सांगितले म्हणजे स्नेह टिकतोच, असे वचन इतिहास देत नाही. थ्रेलबाईंचा स्नेह तुटला. परंतु त्यांनी तो का तुटतो हे सांगून तोडला, स्वतःचा मान राखला, आणि त्या उद्धट वृद्धाकडून त्याचे सर्वांत मृदू पत्र लिहवून घेतले. मुकाट्याने दूर झालेल्या कोणास एवढे लाभले आहे?

या पाच जणांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते. ज्यांचा उपाय लागू पडला त्यांनी तो लवकर केला, एका प्रसंगापुरता केला, आणि प्रेम आटलेले नाही हे कळू दिले. जॉन्सनकडूनही एक गुण घेण्यासारखा आहे: ज्या दिवशी अपमान केला त्याच दिवशी, मित्रमंडळीच्या समक्ष, क्षमा मागण्यास तो लाजला नाही. आपणांतील किती उर्मट, आणि किती सभ्य माणसे, एवढे करतील?

आमच्या त्या बालमित्राला आम्ही काहीच सांगितले नाही. एका लग्नाच्या पंगतीत तो आम्हांस बोलला, आम्ही हसून साजरे केले, आणि त्यानंतर त्याच्या गल्लीतून जाणे टाळू लागलो. पुढे तो वारल्यावर त्याच्या मुलाने भेटून विचारले की, वडील तुमची वाट पाहत असत, तुम्ही येणे का सोडले? त्या मुलास देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. जे उत्तर होते ते त्याच्या वडिलांस, त्याच रात्री, पंगत उठल्यावर द्यावयाचे होते.