चौघांची सरासरी

वेतनाच्या वाटाघाटीत चार पगारपत्रके पुढे ठेवून साऱ्या कारखान्याची सरासरी सांगितली जाते. तिच्यावर विश्वास किती ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मान एका नोकरदाराकडे जातो. विल्यम सीली गॉसेट हे त्यांचे नाव.

मोठ्या नमुन्यांचे गणित फ्रान्समध्ये लाप्लास यांनी १८१० मध्येच मांडले होते. असे अनेक नमुने घेतले, तर त्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती घंटेच्या आकारात गोळा होतात. त्यांचा पसारा नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे चूक निम्मी करायची तर चौपट माणसांना विचारावे लागते.

समजा, कारखान्यात रोजाची सरासरी ६०० रुपये, प्रमाण विचलन ८० रुपये, आणि रोजही घंटेच्याच आकारात विखुरलेले आहेत. चिठ्ठ्या टाकून ६४ जण निवडले, तर त्यांच्या सरासरीचे विचलन ८० भागिले ८, म्हणजे १० रुपये. ती ५८० च्या खाली जाण्याचा संभव शेकडा २ हून थोडा अधिक. चौघेच निवडले, तर विचलन ४० रुपये. तोच संभव शेकडा ३१ च्या आसपास!

परंतु येथे साऱ्या कारखान्याचे विचलन ठाऊक आहे, असे आपण धरले. प्रत्यक्षात तेही त्या चौघांवरूनच काढावे लागते. खरी अडचण तीच होय. डब्लिनच्या गिनेस या बियरच्या कारखान्यात १८९९ साली नोकरीस लागलेल्या गॉसेट यांच्यापुढे ती रोजच उभी राही, कारण तेथील प्रयोगांत नमुने थोडेच असत. त्यांनी ३००० कैद्यांची उंची व मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले, चार-चारांचे ७५० गट पाडले आणि आपले गणित ताडून पाहिले. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त निबंध आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. कारखान्याची तशी अटच होती. पुढे फिशर यांनी त्या कोष्टकाला आजचे रूप दिले. त्याप्रमाणे, शंभरांत ९५ वेळा बरोबर ठरायचे, तर चौघांच्या सरासरीची मर्यादा तिच्या विचलनाच्या १.९६ पट नव्हे, ३.१८ पट रुंद धरावी लागते.

आपला महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, त्याच्या मुळाशीही निवडक कुटुंबांच्या खर्चाची पाहणीच असते. म्हणून सरासरी मालक सांगो वा युनियन, प्रश्न तीनच: किती जणांना विचारले, त्यांच्यात फरक किती होता, आणि त्यांची निवड कशी केली? चौघे जर मर्जीतले निवडले असतील, तर गॉसेट यांचे कोष्टकही उपयोगी पडत नाही.