तुकडेबंदी: 40 एकर ते 10 गुंठे

मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे प्रमुख जी. किटिंग यांनी 1912 मध्ये दख्खनच्या ग्रामीण अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. कुटुंब नीट पोसेल असं शेत केवढं असावं, याचं त्यांनी सरळ उत्तर देऊन टाकलं: बऱ्यापैकी जमीन 40 ते 50 एकर, तीही एकाच ठिकाणी, त्यात एक चांगली विहीर आणि शेतातच घर. असं शेत तेव्हाही थोड्यांच्याच नशिबी होतं. पण महाराष्ट्राच्या तुकडेबंदी कायद्याचं मूळ शोधत मागे गेलं, की आपण या साहेबी स्वप्नापाशी पोचतो.

शेतं लहान होत चालल्याच्या चिंतेला आकडे पुरवले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य. त्यांनी पवनेकाठचं पिंपळे सौदागर हे गाव निवडलं आणि 1917 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1771 मध्ये तिथलं सरासरी खातं 40 एकरांचं होतं. 1914-15 पर्यंत ते 7 एकरांवर आलं होतं. 156 जमीनधारकांच्या जमिनी 729 तुकड्यांत विखुरल्या होत्या. त्यांतले 463 एकराहून लहान, आणि 112 तर पाव एकराहूनही लहान. यामागे शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हता. वाटणीत प्रत्येक भावाला काळीतला थोडा, माळावरचा थोडा, विहिरीखालचा थोडा हिस्सा हवा असे, कारण एकालाच काळी आणि दुसऱ्याला माळ देणं हा उघड अन्याय झाला असता. भावांमध्ये न्याय झाला, औत वळवायला जागा उरली नाही. (आज त्याच पिंपळे सौदागरात टॉवर उभे आहेत आणि जमिनीचा भाव एकरात कोणी बोलत नाही.)

किटिंग आणि मान यांचं निदान सगळ्यांना पटलं नाही. 1918 मध्ये तरुण अर्थशास्त्रज्ञ भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून या विचाराच्या मुळावरच घाव घातला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि राबणारे हात किती यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. बैल-अवजारांची वानवा असेल तर चार एकरही झेपत नाहीत. शेतीवर माणसांचा भार पडलाय तो दुसरीकडे काम नाही म्हणून. तेव्हा उद्योग वाढवा, माणसं शेतीतून बाहेर काढा, जमिनीचा प्रश्न हलका होईल. 1927 मध्ये सरकारनं मुंबई कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांनी भाषणात पुन्हा विरोध केला आणि सहकारी शेतीची वाट सुचवली. या विधेयकानं लहान शेतकरी भूमिहीन होईल, ही भीती तेव्हा अनेकांना होती. विधेयक बारगळलं. मला आजही वाटतं, या सबंध वादात सर्वांत लांबचं दिसलं ते आंबेडकरांनाच.

वीस वर्षांनी, 1947 मध्ये, तोच विचार कायदा होऊन आला: मुंबईचा धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण अधिनियम. स्वतंत्र तुकडा म्हणून कसायला परवडेल एवढं किमान क्षेत्र म्हणजे ‘प्रमाणभूत क्षेत्र’. त्याहून लहान जमीन म्हणजे तुकडा, आणि सातबाऱ्यावर तसा शेरा. असा तुकडा पडेल अशी विक्री नाही, अशी वाटणीही नाही.

कायद्याचा उरलेला अर्धा भाग एकत्रीकरणाचा, म्हणजे विखुरलेले तुकडे अदलाबदल करून एकत्र आणण्याचा. त्याची गत निराळी. योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनींची अदलाबदल झाली, पण पुष्कळ ठिकाणी माणसं जुन्याच रानात कसत राहिली. नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची. या भांडणांच्या दोन पिढ्या कोर्टात गेल्या. 2023 मध्ये ‘सलोखा’ योजना आली. बारा वर्षांहून जुना असा उलटा ताबा असेल तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून दोघांनी अदलाबदल पक्की करावी, अशी.

तुकडेबंदीला खरी बगल मिळाली ती वारसांकडून. बाप गेला की मुलांची नावं लागणारच. वारसा कायद्यानं कसा थांबवणार? मग एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, क्षेत्र सामाईक, आणि रानात मात्र दगड रोवून तोंडी वाटणी. शहरालगत तर वेगळाच खेळ. शेतात मुरमाच्या रस्त्यांची आखणी करून गुंठा-दोन गुंठे विकायचे. नोंदणी होत नसली तर साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नाहीतर नुसती नोटरी. गुंठे विकून श्रीमंत झालेल्यांना लोकांनी ‘गुंठामंत्री’ हे पदही बहाल केलं. सरकारनं 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायला वेगळा कायदा केला. एका कायद्यानं मना केलेलं दुसऱ्यानं पदरात घ्यायचं, ही पद्धत तिथून रुळली.

पुढे दोन आकडे घसरत गेले. पहिला दंडाचा. 2017 च्या दुरुस्तीनं तुकड्यांचे जुने व्यवहार बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करता येऊ लागले. इतके पैसे भरायला फारसं कोणी पुढे आलं नाही, मग 5 टक्के झाले. 2025 मध्ये नागरी आणि विकासाच्या पट्ट्यांतल्या तुकड्यांसाठी तेही माफ झाले.

दुसरा आकडा प्रमाणभूत क्षेत्राचा. पूर्वी तो भागाभागात वेगळा होता. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांना एकच माप लागलं: जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे. 10 गुंठे म्हणजे पाव एकर. मान यांनी ज्याच्या आतल्या 112 तुकड्यांकडे बोट दाखवलं होतं, तो पाव एकर आता सरकारी हिशेबानं परवडणारं शेत झाला आहे.

शेतीच्या गावांत हा कायदा अजून जिवंत आहे. वाट्याला 6 गुंठे बागायत आलेली बहीण ते विकायला निघाली, तर सर्वसाधारणपणे लगतच्या खातेदारालाच विकू शकते. त्या खातेदाराला हे ठाऊक असतं, आणि भाव तोच सांगतो.