शब्दवेध : भाव

दादरच्या फुलबाजारात सकाळी एकच प्रश्न सतत कानी पडतो, ‘शेवंती काय भाव?’ देवाला वाहायच्या फुलांपाशी हा शब्द आला की मी दर वेळी थबकते. भाव म्हणजे भक्ती, आणि भाव म्हणजे दरही! मूळ संस्कृत ‘भू’, म्हणजे असणे, होणे. त्यातून मनाची अवस्था आली आणि बाजाराचीही. भुलेश्वरचे गुजरातीही भावच विचारतात.

‘मोल’ आलं ‘मूल्य’मधून, त्याच्या पोटात ‘मूळ’ आहे. ‘किंमत’ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. तिचा धातू उभं राहण्याचा, म्हणून ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ तिच्याच कुळातले. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. इंग्रजी ‘प्राइस’ आणि स्तुतीचा ‘प्रेझ’ हे दोघेही लॅटिन ‘प्रेटियम’चे वंशज.

आज परळच्या फ्लॅटची किंमत असते, सोन्याचा भाव, व्याजाचा दर. सल्ला मोलाचा असतो. माणसं भाव खातात, एकमेकांना भाव देत नाहीत. भाजीवालीपुढे मात्र यातला एकही शब्द लागत नाही, ‘मावशी, मेथी कशी दिली?’